कोळसेवाल्याच्या नावावरचं पुस्तक

मी कोळसा आणतो. गेली एकोणीस वर्षं.
काराबुलाकच्या वाचनालयाला थंडीत चार टन.
साइराकान चष्मा पुसून वजनाची पावती वाचते
आणि दर वेळी विचारते, "तुराट, तू आत का येत नाहीस?"
मी बुटांकडे बोट दाखवतो.

खिडकीतून दिसायचं सगळं:
भट्टीजवळ शेर्गाझी, मांडीवर वर्तमानपत्र, डोळे मिटलेले.
लांब टेबलावर नमदा पसरून बायका
लोकरीचे लाल-काळे तुकडे कापताहेत,
कुणाच्या सुनेचं काय झालं ते हळू आवाजात,
कारण भिंतीवर पाटी आहे, शांतता राखा,
आणि पाटी त्या मोडत नाहीत, नुसती वाकवतात.
शाळा सुटली की पोरं.
वीज गेली की सगळेच.

त्या फेब्रुवारीत खिंड बंद झाली.
अकरा दिवस माझा ट्रक बर्फात
आणि मी रस्तेवाल्यांच्या खोलीत पत्ते कुटत.
इकडे भट्टी विझली.
कुणीतरी म्हणालं, मागच्या खोलीत जुनी भाषणं आहेत,
पक्षाच्या अधिवेशनांची, लाल कापडी बांधणी,
चाळीस वर्षांत कुणी उघडली नाहीत, जाळू या.
साइराकान दारात उभी राहिली.
"कुणी वाचलं नाही म्हणून कुणी जळणात जमा होत नाही.
त्या हिशेबानं तुमच्यातले किती उरतील?"
मी नव्हतो तिथे. ऐकलं ते सांगतो.

बाराव्या दिवशी मी पोचलो,
त्याच रात्री छप्पर बसलं.
गाय खाली बसते तसा आवाज,
मोठा नाही, दमलेला.

सकाळी अख्खं गाव फावडी घेऊन.
पुस्तकं ठेवायची कुठे, तर घरोघर.
साइराकाननं नोंदवही गुडघ्यावर घेतली,
शाई गोठली होती, पेन्सिलीनं लिहिलं:
आल्तिनायकडे परीकथा, दोन पोती.
न्हाव्याकडे कायदा.
मशिदीत भूगोल आणि रसायनशास्त्र, तिथे जागा होती म्हणून.
शेर्गाझीनं भाषणं मागून घेतली, सगळी एकतीस.
"कुणालाच नकोत ना, मग मला द्या."
माझ्या वाट्याला मधमाश्या पाळण्याविषयीचं एक,
कारण उरलं तेवढंच.
सही करताना कागदावर अंगठ्याचा काळा डाग पडला.
"राहू दे," ती म्हणाली, "हीच सही."

कोळशाचं वजन मला हातानं कळतं.
याचं कळेना.
रात्री दिव्याजवळ बोट ठेवून एकेक अक्षर,
माझी रशियन सैन्यातली,
शिव्या आणि हुकूम एवढेच पक्के,
तरी इतकं समजलं की माश्या हिवाळ्यात झोपत नाहीत.
एकमेकींना चिकटून थरथरत राहतात,
बाहेरची आत सरकते, आतली बाहेर येते, पाळीपाळीनं.
मी बायकोला उठवून सांगितलं.
ती म्हणाली, झोप.

मे महिन्यात नवा पत्रा लागला.
पुस्तकं परत निघाली, गाढवावर, बाबागाडीत, एक तर बादलीत.
काहींना लोण्याचा वास.
एकात खूण म्हणून वाळलेलं जर्दाळू.
कायद्याच्या पानापानांत गावाचे केस.
भाषणं आली एकोणतीस.
शेर्गाझी एप्रिलमध्ये गेला,
उरलेली दोन कुठे ते त्याच्या मुलाला ठाऊक नाही.
मुलगा पैसे भरायला निघाला, तर साइराकान म्हणाली,
"वाचत असेल. घाई काय आहे?"

माझं अजून माझ्याकडेच आहे.
ट्रकमध्ये, सीटखाली, जॅकच्या शेजारी.
मुदत कधीच उलटली.

यंदा चार टन उतरवले, पावती दिली.
तिनं चष्मा पुसला, वाचली,
आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.
दाराच्या आत एक रिकामं पोतं अंथरलेलं होतं,
कोळशाचंच,
माझ्या बुटांच्या मापाला घडी घालून.